गिनी पिगला पेरू

डॉक्टरांनी भुरीला टेबलावर ठेवलं, मागच्या पायाच्या गुडघ्याला हलकेच बोट लावलं, आणि ती किंचाळली. गिनी पिग एरवी शिट्टी मारल्यासारखा आवाज काढतात. फ्रिजचं दार उघडलं की तर हमखास. हा आवाज तसला नव्हता. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "खायला काय देता?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं. दुकानातून आणलेले पेलेट, सुकं गवत, काकडी, कधी गाजर. पेलेटच्या पाकिटाचा फोटोही दाखवला. फोटोत पाकिटावर एक गुबगुबीत ससा होता. इतके दिवस मी तो पाहत होते, पण तो ससा आहे आणि माझ्याकडे ससा नाही, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

"सशाला क जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "यांना लागतं. हिला स्कर्व्ही झालाय."

स्कर्व्ही हा शब्द मी शेवटचा शाळेत, 'जोड्या लावा'मध्ये पाहिला होता. अ म्हणजे रातांधळेपणा, ब बेरीबेरी, क स्कर्व्ही, ड मुडदूस. दोन मार्कांचा प्रश्न. वास्को द गामाच्या जहाजावरचा आजार पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, माझ्या हातून, एका अडीचशे ग्रॅमच्या पिल्लाला झाला होता.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रोज तोंडातून द्यायचे थेंब लिहून दिले आणि म्हणाले, "जाताना पेरू घ्या. बिया काढून, छोटी फोड द्या."

मी त्यांना ढब्बूबद्दल निघता निघता सांगितलं. भुरीबरोबर तिचा भाऊही आणला होता. दोघं साधारण पाच आठवड्यांची. आम्ही कोल्हापूरचे, म्हणून सिमला मिरचीसारखा फुगलेला तो ढब्बू. तीनेक आठवड्यांनी त्याचं उड्या मारणं थांबलं. मग तो कोपऱ्यात अंग फुगवून बसू लागला, केस विस्कटले. त्या आठवड्यात ऑफिसात रिलीज होती. मला वाटलं, थंडी असेल. टॉवेल घातला. शनिवारी सकाळी तो गेलेला होता. भुरी लंगडायला लागली तेव्हा कुठे मी डॉक्टर शोधला. "तोही बहुतेक यानेच," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री वाचत बसले. नोकरीने लावलेली सवय आहे, काही कोसळलं की आधी लॉग उघडायचे. गिनी पिगच्या स्कर्व्हीचा लॉग सापडला तो १९०७ सालचा, नॉर्वेतला. अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या दोघांचा निबंध. त्यात त्यांच्या गिनी पिगची लक्षणं लिहिली आहेत: दाढा हलतात, कातडीखाली आणि सांध्यांजवळ रक्त साकळतं, गुडघ्यापाशी हाडं ठिसूळ होतात, महिनाभरात मृत्यू. ढब्बूचा आजार माझा जन्म होण्याच्या नव्वद वर्षं आधी लिहून ठेवलेला होता.

इथे थोडं मागे जायला हवं. गिनी पिग ना गिनी देशातला, ना डुकराच्या कुळातला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी माणसाळवलेला. तिकडे त्याला 'कुई' म्हणतात आणि तो पाळतात तो खाण्यासाठी. पेरूमधल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचं 'शेवटचं भोजन' आहे. त्यात येशूसमोरच्या ताटात पाय वर करून पडलेला प्राणी कुई आहे असं बहुतेकजण मानतात. अँडीजमधल्या घरांत कुया स्वयंपाकघरातच फिरत असत. भाजीची सालं, देठ, ताजा चारा त्यांच्यापुढे पडे. स्कर्व्ही होण्याचा प्रश्नच नव्हता. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून ते युरोपात गेले, तिथल्या श्रीमंतांचे लाडके झाले, आणि मग प्रयोगशाळांत शिरले. एकोणिसावं शतक संपेपर्यंत क्षय आणि घटसर्पाचा अभ्यास त्यांच्याशिवाय होत नव्हता. प्रयोगशाळेत पिंजरा आला आणि पिंजऱ्यात धान्य. धान्य स्वस्त, टिकाऊ, रोज बाजारात जायला नको. माझंही गणित हेच होतं.

अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ डुकरांच्या रोगांवर काम करत होता. १८९५च्या सुमाराच्या एका अहवालात त्याने सहज नोंदवलं की गिनी पिगना नुसता कोंडा आणि ओट दिले, गवत किंवा कोबी दिला नाही, तर कातडीखाली रक्तस्राव होऊन ते चार ते आठ आठवड्यांत मरतात. नोंद केली आणि तो आपल्या डुकरांकडे वळला. त्याने तो रोग ओळखला असता तर स्कर्व्हीचा इतिहास बारा वर्षं आधी सुरू झाला असता. पण त्याला दोष कसा देऊ? ढब्बूच्या बाबतीत मीही एक निरीक्षण करून रिलीजकडेच वळले होते.

होल्स्ट क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक होता. नॉर्वेच्या शिडाच्या जहाजांवर खलाशांचे पाय सुजत, त्यांना धाप लागे आणि ते मरत. हा 'जहाजी बेरीबेरी' कशाने होतो ते त्याला शोधायचं होतं. जावा बेटावर क्रिस्तियान आयकमनने दाखवलं होतं की पॉलिशचा तांदूळ खाल्लेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा दिला की बरे होतात. होल्स्ट जावाला जाऊन तिथलं काम पाहून आला. पण पक्ष्यांवरून खलाशांबद्दल किती बोलणार? त्याला सस्तन प्राणी हवा होता. त्याने गिनी पिग निवडले, सोबत फ्रोलिख हा बालरोगतज्ज्ञ घेतला, आणि त्यांना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवलं.

बेरीबेरी झालाच नाही. झाला स्कर्व्ही. फ्रोलिखने तान्ह्या मुलांमधला स्कर्व्ही पाहिलेला होता, त्यामुळे हाडं पाहताच ओळख पटली. मग त्यांनी धान्यासोबत ताजा कोबी दिला, लिंबाचा रस दिला, प्राणी वाचले. कोबी उकळला की त्याचा गुण कमी होतो, सुकवला की फारसा उरत नाही, हेही दिसलं.

यात नशिबाचा भाग केवढा, ते पन्नास वर्षांनी कळलं. जवळजवळ सगळे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. उंदीर, कुत्रा, गाय, ससा, सगळे. साखरेपासून ते बनवण्याच्या साखळीतली शेवटची पायरी एका एन्झाइमची आहे. माणसात, माकडांत आणि गिनी पिगमध्ये ते एन्झाइम नाही. जनुक आहे, पण मोडकं. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन अजून फाइलमध्ये आहे, फक्त चालत नाही, आणि आपले पूर्वज फळं-पानं खात असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. गिनी पिगच्या पूर्वजांत ते वेगळं, स्वतंत्रपणे मोडलं. होल्स्टने उंदीर निवडला असता तर त्याला काहीच सापडलं नसतं.

हे नुसतं कल्पनेतलं नाही, प्रत्यक्षात घडलं. अमेरिकेत एल्मर मॅककॉलम हा आहारशास्त्रातला मोठा माणूस. अ जीवनसत्त्वाच्या शोधात त्याचं नाव आहे. त्याचे उंदीर नुसत्या धान्या-दुधावर मजेत जगत, म्हणून त्याने १९१७मध्ये मत मांडलं की स्कर्व्ही हा अन्नातल्या उणिवेचा रोग नाहीच. गिनी पिगना बद्धकोष्ठ होतो, मोठ्या आतड्यात घाण साचते, त्यातून हे सारं. उपाय म्हणून त्याने त्यांना रेचकं दिली. इतका हुशार माणूस चुकतो ते वाचून मला त्या रात्री थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.

त्याला उत्तर लंडनहून आलं. तिथल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले बरेच पुरुष महायुद्धाच्या कामावर गेले होते. आहाराचं काम हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम आणि त्यांच्या सहकारी बायकांनी चालवलं. चिकने प्रश्न बदलला. 'स्कर्व्ही कशाने होतो' याऐवजी 'कुठलं अन्न किती दिलं तर तो होत नाही' असं विचारलं. गिनी पिगना मूळ आहार ठरवून दिला: ओट, गव्हाचा कोंडा, आणि तासभर दाबाखाली १२० अंशांवर तापवलेलं दूध. पोट भरेल, वजन काही दिवस वाढेल, आणि मग स्कर्व्ही होईल असा आहार. त्यावर एकेका प्राण्याला मोजून कोबी, मोजून संत्र्याचा रस, मोजून दूध. ज्यांना काहीच जास्तीचं मिळालं नाही ते तुलनेसाठी.

हा मूळ आहार वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. तापवून, दाबून केलेले पेलेट, सुकं गवत, पाणचट काकडी. महिनाभर मी घरात त्या प्रयोगातला तुलनेचा गट चालवला होता, फरक इतकाच की मी नोंदी ठेवल्या नव्हत्या.

चिकच्या गटाने लिंबाचं एक जुनं कोडं सोडवलं. ब्रिटिश आरमाराने अठराव्या शतकाच्या शेवटी खलाशांना लिंबाचा रस सुरू केला आणि स्कर्व्ही हटला. पुढे एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांच्या जागी वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांतली छोटी हिरवी लिंबं आली. रस आंबट तो आंबटच, त्यामुळे फरक कोणाला वाटला नाही. १८७५मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत हा रस असूनही लोक स्कर्व्हीने आडवे पडले, आणि लिंबावरचा विश्वासच उडाला. लिस्टरमधल्या गिनी पिगनी १९१८मध्ये निकाल दिला: छोट्या लिंबाच्या ताज्या रसाची ताकद मोठ्याच्या साधारण चौथाई, आणि बाटलीत साठवलेल्या रसाची जवळपास शून्य. ते छोटं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. सरबत पिणं सोडू नका, पण लिंबाला आपण जे श्रेय देतो त्यातलं बरंचसं पेरूचं आणि आवळ्याचं आहे.

त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट मला कोणी शाळेत सांगितली नव्हती. डिसेंबर १९१५मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे ब्रिटिशांची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ही पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. १०३वी, ११०वी, ११७वी. वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. त्या काळात डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एकाच गावात अडकलेल्या एकाच सैन्यात गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला आणि हिंदुस्थानी सैनिकांना स्कर्व्ही. गोरे मैद्याचा पाव खात होते आणि मारलेल्या घोड्यांचं ताजं मांस. आपले लोक कोंड्यासकट आटा आणि डाळ खात होते, म्हणून बेरीबेरी नाही. पण घोड्याचं मांस त्यांनी बराच काळ टाळलं, आणि भाजीपाला संपलेला. त्या मांसात थोडंसं का होईना, क जीवनसत्त्व होतं. पुढे मैदा संपून गोऱ्यांनाही आटा खावा लागला तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला.

मेसोपोटेमियात हजारो हिंदुस्थानी सैनिक स्कर्व्हीने पडले. वाळवंटात कोबी कुठून आणणार? पण शिध्यात डाळी-कडधान्यं होतीच. क्रिस्तियानियातल्याच फ्युर्स्ट नावाच्या संशोधकाने १९१२मध्ये गिनी पिगवर पाहिलं होतं की कोरडं कडधान्य स्कर्व्हीवर निरुपयोगी असतं, पण भिजवून मोड आणलं की उपयोगी पडतं. चिक आणि ह्यूम यांनी तेच उचलून सुचवलं: सैनिकांना अख्खी कडधान्यं द्या, भिजवा, मोड आणा, आणि फार शिजवू नका. युद्धाच्या अखेरीस स्कर्व्ही झालेल्या सर्बियन सैनिकांवर मोडांचा प्रयोग झाला, आणि मोड लिंबाच्या रसापेक्षा सरस ठरले.

हे आईला फोनवर सांगितलं. माझी आई आयुष्यभर रविवारी मटकी भिजवत, सोमवारी फडक्यात बांधत आलेली. ती म्हणाली, "अगं, मग त्यांनी एखाद्या बाईला विचारायचं की." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पलटणीतल्या कित्येक जवानांच्या घरी मोडाची उसळ होत असणार. पण शिधा ठरवणाऱ्यांना ती पुराव्यानिशी हवी होती, आणि तो पुरावा लंडन-क्रिस्तियानियातल्या पिंजऱ्यांतून आला.

क जीवनसत्त्व हा पदार्थ हाती लागला तोही याच प्राण्यामुळे. हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ग्योर्गीने १९२८मध्ये एक आम्ल वेगळं काढलं. ते नेमकं काय हे न कळल्याने त्याने आधी त्याला 'कोण जाणे' अशा अर्थाचं थट्टेखोर नाव सुचवलं आणि संपादकाने ते छापायला नकार दिला. चारेक वर्षांनी सेगेद गावात त्याने आणि जोसेफ स्विर्बेलीने गिनी पिगना उकडलेलं अन्न दिलं. अर्ध्यांना त्यासोबत ते आम्ल. ज्यांना ते मिळालं नाही ते मेले, बाकीचे जगले. पुढे हे आम्ल भरपूर मिळालं ते सेगेदच्या लाल पाप्रिका मिरच्यांतून. १९३७चं नोबेल त्यालाच. मिरचीच्या त्याच कुळातली ढब्बू मिरची मी आता रोज चिरते.

ढब्बूबद्दल वाईट वाटणं एकीकडे, आणि दुसरीकडे हे सगळं. भुरी वाचली, कारण तिच्यासारखे कितीतरी मुद्दाम मारले गेले. तिच्या डोसचे आकडे त्यांच्या वजनाच्या तक्त्यांतून आले. माझ्या स्वतःच्या हिरड्याही त्यांच्याच जिवावर शाबूत आहेत. ते प्रयोग व्हायला नको होते असं मला म्हणता येत नाही. आणि किंचाळणारी भुरी हातात घेतल्यावर ते ठीकच होते असंही तोंडातून निघत नाही.

गिनी पिगवर प्रत्येक प्रयोग लागू पडतो असंही नाही. १९४०मध्ये ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी उंदरांवर झाली, हे जगाचं नशीब. तीनच वर्षांनी लक्षात आलं की पेनिसिलिन गिनी पिगना विषासारखं आहे. त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि मागोमाग प्राणीही. तेव्हा पिल्लू आजारी दिसलं म्हणून घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका.

आता जे मला आधी माहीत असायला हवं होतं ते. गिनी पिगचं पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, दात आलेलं असतं आणि एक-दोन दिवसांत पाला कुरतडू लागतं. त्यामुळे ते मोठं झालंय, काहीही चालेल असं वाटतं. पण तीन आठवडे त्याला आईचं दूध हवं, आणि वाढत्या वयात क जीवनसत्त्व मोठ्यांपेक्षा जास्त; किलोमागे रोज ३० मिलिग्रॅमपर्यंत. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला साधारण दहा. पेरूची अंगठ्याएवढी फोड त्याहून जास्तच देते, पण पेरू गोड, म्हणून तो आठवड्यातून दोनदा. रोज ढब्बू मिरची आणि थोडी कोथिंबीर. गवत मात्र चोवीस तास समोर हवं, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. लहान असताना लसूणघास चालतो (त्यात लसूण नसतो, कॅल्शियम मात्र भरपूर), सहाएक महिन्यांनी साधं गवत. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब टाकायचे नाहीत, ते पाण्यात टिकत नाहीत. पेलेट गिनी पिगचेच, आणि पाकिटावर बनवल्याची तारीख पाहून. तीन महिन्यांनी त्यातलं क जीवनसत्त्व बरंच उडालेलं असतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये त्यांना थंड खोली द्यावी लागते, उकाड्याने ते पटकन दगावतात. आणि एकटं ठेवू नये.

मराठीतल्या पेरूचा पेरू देशाशी संबंध नाही. हा शब्द पोर्तुगीजांच्या नासपतीच्या नावावरून आला असं सांगतात. पण फळ मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, म्हणजे भुरीच्या पूर्वजांच्याच खंडांतलं. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आलं आणि इतकं रुळलं की डॉक्टरांनी विचार न करता तेच नाव घेतलं.

चौथ्या दिवशी भुरीने पाय टेकला. दोन आठवड्यांनी रात्री अकरा वाजता तिने जागेवरच हवेत उडी मारली, जशी पिल्लं मारतात. मी दर रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते आणि शीटमध्ये आकडा लिहिते; चिकच्या तक्त्यांत पहिली खूण वजन थांबण्याची असे. पहिल्या ओळीत २५० आहे, काल ७१० होतं. तिला सोबत म्हणून गेल्या महिन्यात दुसरी मादी आणली. दुकान वेगळं होतं. दुकानदाराने पिशवीत तिच्यासोबत एक पाकीट टाकलं. मी ते बाहेर काढून पाहिलं, आणि पाकिटावरचा ससा त्याला दाखवला.

"चालतं मॅडम," तो म्हणाला, "सगळे हेच नेतात."